घामाची साक्ष

शेजारी कोणी मचमच करत जेवतं, कोणी सारखं नाक ओढतं, कोणी पेनाची टिकटिक लावतं आणि तेवढ्यानं काहींच्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरचे म्हणतात, ‘एवढं काय त्यात?’ हा त्रास आज मनगटावरच्या पट्टीनं मोजता येतो. त्या पट्टीचं मूळ १८८८ च्या पॅरिसमध्ये आहे.

चार्ल्स फेरे या डॉक्टरांनी रुग्णाच्या हातातून अगदी बारीक वीजप्रवाह सोडला. आवाज कानी पडला, वास आला, की मापकाचा काटा हले. याच्या मुळाशी घाम होता. दचकलं, संतापलं की तळहातातल्या घर्मग्रंथी पाझरतात. डोळ्यांना दिसणार नाही इतक्या ओलाव्यानंही त्वचेतून वीज जास्त सहज वाहते आणि आवाजानंतर १ ते ३ सेकंदांत आलेख वर चढतो. पुढे झुरिचमध्ये मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी शब्दचाचण्यांसाठी हीच युक्ती वापरली.

आवाजांच्या या त्रासाला ‘मिसोफोनिया’ हे नाव मात्र जॅस्ट्रेबॉफ दांपत्यानं २००१ मध्ये दिलं. २०१३ मध्ये सॅन डिएगोत व्ही. एस. रामचंद्रन यांच्या गटानं असा त्रास असलेल्यांना नकोसे आवाज ऐकवले, तेव्हा त्यांच्या त्वचेचा प्रतिसाद इतरांपेक्षा ठळक निघाला. माणसं मोजकीच होती, तरी मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावलेली तक्रार त्यानं कागदावर आणली. २०१७ मध्ये न्यूकॅसलच्या सुखबिंदर कुमार यांना अशा लोकांच्या हृदयाचे ठोकेही वाढलेले आढळले.

पण खरी ठिणगी पडते ती घरी, जेवणाच्या टेबलावर. तिथं तारा लावून कोण बसणार? एमआयटीत रोझलिंड पिकार्ड यांच्या गटानं आधी हातमोजा केला, त्यातला दिवा त्वचेच्या प्रतिसादाबरोबर उजळे. मग मनगटी पट्ट्या आल्या. एम्पॅटिका कंपनीची ई४ ही पट्टी सेकंदाला ४ वेळा त्वचेची वाहकता नोंदवायची, सोबत नाडी आणि हालचालही. तिला एक बटण होतं: आवाज असह्य झाला की दाबायचं, क्षणाची खूण राहायची.

असं बटण हवंच. जिना चढला, आनंदाची बातमी आली, तरी आलेख चढतोच. राग कुठला आणि धाप कुठली, हे पट्टीला कळत नाही. शिवाय मनगटाला तळहातापेक्षा घाम कमी येतो, त्यामुळे काहींचा आलेख सपाटच राहतो. अशा माणसाला खोटं ठरवायचं नाही. त्याला काय झालं ते विचारून टिपून घ्यायचं.