दोन तक्ते, एक भिंत : मुलांना अमेरिकेचं एकोणिसावं शतक शिकवताना

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की अमेरिकेतल्या पाचवीच्या वर्गाशी आपला काय संबंध? संबंध आहे, शेवटी त्याकडे येते. आधी माझी एक चूक सांगते, कारण आजचं सगळं बोलणं त्या चुकीतूनच निघालं आहे.

मी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत बरीच वर्षं पाचवीला शिकवलं. म्हणजे दहा-अकरा वर्षांची मुलं. पहिल्या वर्षी एकोणिसावं शतक शिकवायची वेळ आली, तेव्हा बहुतेक जण करतात तेच मी केलं. चोवीस मुलं, सहा गट, सहा विषय. पश्चिमेकडचं स्थलांतर, मूळ रहिवासी, गुलामगिरी, यंत्रं आणि शोध, रेल्वे, यादवी युद्ध. तीन आठवडे ग्रंथालय, कात्री, डिंक, रंगीत कागद. शेवटी भिंतीवर सहा सुंदर तक्ते लागले. पालक आले, फोटो निघाले, टाळ्या पडल्या.

सगळे गेल्यावर मी एकटीच भिंतीसमोर उभी राहिले. पहिल्या तक्त्यावर लिहिलं होतं, ‘पश्चिमेला मोकळी जमीन होती. लोक गाड्या घेऊन तिथे गेले आणि त्यांनी शेती केली.’ त्याच्या शेजारी, चार बोटांच्या अंतरावर, दुसऱ्या गटाचा नकाशा. त्याच ‘मोकळ्या’ जमिनीवर नावं दाटीवाटीने लिहिलेली: लकोटा, शायान, पॉनी, नेझ पर्स. पुढे यंत्रांचा तक्ता सांगत होता की कापसातली सरकी काढण्याच्या यंत्राने श्रम वाचवले. आणि गुलामगिरीचा तक्ता सांगत होता की त्याच काळात गुलामांची संख्या कितीतरी पटींनी वाढली.

आता बघा, एकाही मुलाने विचारलं नाही की जमीन मोकळी होती तर ही नावं कोणाची? श्रम वाचले तर गुलाम वाढले कसे? मुलांचा दोष नव्हता. शतकाचे सहा तुकडे मी केले होते, आणि प्रत्येक गटाला आपापला तुकडा चिकटवायला दिला होता. ते तुकडे जोडायचं काम मी कोणालाच दिलं नव्हतं.

ही प्रकल्पाची पद्धत आली कुठून, हे थोडं पाहू. जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा म्हणून शाळा सुरू केली. तिथली मुलं कच्चा कापूस हातात घेऊन बसत आणि सरकीपासून तंतू वेगळे करत. ड्युईंनी लिहून ठेवलंय की एका गटाने अर्धा तास खपून एक औंसही कापूस निघाला नाही. म्हणजे तीस ग्रॅमपेक्षा कमी. लोकरीच्या मानाने सुती कापड मागे का राहिलं, हे मुलांच्या बोटांनाच कळलं. पुढे १९१८ मध्ये विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर प्रसिद्ध निबंध लिहिला आणि ‘प्रोजेक्ट’ हा शब्द शाळाशाळांत पोचला. आपल्या ओळखीचा एक धागा इथे आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा ड्युई तिथे शिकवत असत आणि आंबेडकर त्यांच्या वर्गात बसत.

मेरी शेल्डन बार्न्स यांचं नाव मात्र फारसं घेतलं जात नाही. या बाईंनी १८९१ मध्ये अमेरिकेच्या इतिहासाचं एक पाठ्यपुस्तक केलं. त्यात नुसती गोष्ट सांगितली नाही, मूळ कागदपत्रांतले उतारे दिले आणि खाली प्रश्न विचारले. निष्कर्ष विद्यार्थ्याने काढायचा. म्हणजे आज आपण ज्याला नवं म्हणतो, ते सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

आणि तिसरं नाव एलियट अ‍ॅरनसन. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात येऊ लागली होती. वर्गांत ताण होता, भांडणं होती. अ‍ॅरनसन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. चित्र पुरं करायचं तर प्रत्येकाचं ऐकणं भाग. तुकडे तर मीही केले होते. फरक इतकाच की त्यांनी जोडणीची सोय आधी केली आणि मग तुकडे केले.

दुसऱ्या वर्षी मी विषय वाटणं बंद केलं. पूर्ण वर्गाला एकच प्रश्न, आणि सहा गटांना त्या प्रश्नाचे सहा वेगवेगळे पुरावे. दोन दिवस गट आपल्या पुराव्याशी झटापट करतो. हे कोणी केलं? कधी? कोणासाठी? मग गट मोडायचे. सहा गटांतून एकेक मूल घेऊन सहा जणांचे चार नवे गट. आता प्रत्येक गटात सहाही पुरावे आहेत, आणि प्रत्येक पुराव्याचा जाणकार एकच आहे. तो गप्प बसला तर गट अडतो.

एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा: खंडापार जाणारी रेल्वे कोणी बांधली? १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमॉन्टरी इथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. अँड्र्यू रसेल यांनी काढलेला त्या दिवसाचा फोटो अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांतून हमखास भेटतो. दोन इंजिनं समोरासमोर, मध्ये हस्तांदोलन, भोवती गर्दी. एका गटाला हा फोटो दिला. दुसऱ्याला रेल्वेच्या मजुरीच्या नोंदी, तिसऱ्याला जून १८६७ च्या संपाची हकिगत, चौथ्याला रेल्वे कोणाच्या प्रदेशातून गेली त्याचा नकाशा, पाचव्याला कंपन्यांना जमीन देणारा १८६२ चा कायदा, आणि सहाव्याला चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा १८८२ चा कायदा.

नव्या गटांत बसल्यावर गंमत झाली. फोटोवाल्या मुलाने सांगितलं, ‘यात सगळे गोरे लोक दिसतात.’ मजुरीच्या नोंदीवाली मुलगी म्हणाली, ‘माझ्या कागदावर तर चिनी लोकच जास्त आहेत!’ दोघांचंही खरं. पश्चिमेकडून येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे बहुसंख्य मजूर चिनी होते. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट त्यांनी फोडला. गोऱ्यांइतकी मजुरी आणि कामाचे तास कमी, या मागणीसाठी हजारो मजुरांनी संप केला, तेव्हा कंपनीने अन्नाचा पुरवठा तोडून तो आठवड्याभरात मोडून काढला. आणि समारंभाच्या फोटोत हे लोक जवळजवळ दिसतच नाहीत.

मग एका मुलीने विचारलं, ‘बाई, त्यांची पत्रं कुठे आहेत? ते घरी पत्रं लिहीत असतील ना?’ मी खरं ते सांगितलं. त्या मजुरांपैकी कोणाचंही पत्र किंवा रोजनिशी इतिहासकारांना अजून सापडलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अमेरिकेत आणि चीनमध्ये वर्षानुवर्षं शोध घेतला, तरीही नाही. मजुरीच्या नोंदीतही बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचंच नाव.

वर्ग शांत झाला. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक तक्त्यावर एक चौकट वाढली: ‘काय सापडलं नाही आणि का.’ माझ्या सगळ्या नोकरीतलं उपयोगी असं काही मला विचाराल, तर मी ही चौकट दाखवीन. कारण मुलाला इतिहास कळू लागला हे मी त्या चौकटीवरून ओळखते. माहिती गोळा करणं त्याला आधीपासून येतंच.

आता अवघड भाग. गुलामगिरी लहान मुलांना कशी शिकवायची? अमेरिकेत काही वर्गांत गुलामांचा लिलाव नाटकासारखा करून दाखवला गेला, त्यावर पालक संतापले, आणि ते योग्यच होतं. ज्या मुलाचे पणजोबा-खापरपणजोबा खरोखर विकले गेले, त्याला वर्गात उभं करून बोली लावायची? माझ्या वर्गात सोंग नाही, हा नियम होता. कागद होता.

कोणता कागद? १८६० ची जनगणना. तिच्यात गुलामांची वेगळी यादी आहे. डावीकडे मालकाचं नाव. त्याच्यासमोर ओळी: वय, लिंग, वर्ण. गुलामाचं नाव नाही, अगदी थोडे अपवाद सोडले तर. मुलं बोट फिरवत वाचत जातात आणि कुठेतरी थांबतात: ‘१०, मुलगी.’ आपल्याच वयाची. काही बोलावं लागत नाही. त्यासोबत फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मचरित्र, आणि १९३० च्या दशकात सरकारी प्रकल्पात पूर्वीच्या गुलामांच्या घेतलेल्या दोन हजारांहून अधिक मुलाखती. नाव नसलेल्या ओळीच्या शेजारी बोलणारा माणूस ठेवायचा, नाहीतर मुलांच्या मनात फक्त दया उरते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला छान आहे, पण वेळ? बरोबर आहे. तीन आठवड्यांत सहा विषय व्हायचे, तिथे तीन प्रश्न झाले. काही सनावळ्या सुटल्या. त्यासाठी भिंतीवर एक दोरी बांधली आणि १८०३ च्या लुइझियाना खरेदीपासून प्रत्येक घटना चिमट्याने अडकवत गेलो. दुसरी तक्रार पालकांची: एक मूल काम करतं, तीन बघतात. तीही खरी. म्हणून गटात बसण्याआधी प्रत्येकाने आपल्या पुराव्यावर एक पान स्वतः लिहायचं, आणि गुण त्या पानाला जास्त, तक्त्याला कमी. रंगकामाला शून्य!

शेवटी आपल्याकडे येऊ. कापसाच्या प्रश्नाचं एक टोक मुंबईत आहे. सरकी काढणारं यंत्र १७९३ चं. यंत्र आल्यावर कापूस पेरणं फायद्याचं झालं, लागवड पसरली, आणि वेचायला माणसं हवीच होती. १७९० मध्ये गुलामांची संख्या सुमारे ७ लाख, १८६० मध्ये सुमारे ३९ लाख ५० हजार. भिंतीवरच्या दोन तक्त्यांचं कोडं इथे सुटतं. मग १८६१ मध्ये युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशांचा पाऊस पडला, शेअरची झिंग चढली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं निघालं. आईच्या नावाने त्यांनी दिलेल्या पैशातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही फोर्टमध्ये आहे. एका वर्षी वर्गात एक मराठी मुलगा होता. हा पुरावा त्याच्या वाट्याला आला, आणि वर्षभर मागे बसणारं ते पोर पहिल्यांदा गटाला काहीतरी समजावून सांगत होतं.

दुसरं टोक पुण्यात आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. दूरच्या देशातल्या युद्धात त्यांनी आपला प्रश्न पाहिला. हीच अर्पणपत्रिका वर्गात पुरावा म्हणून ठेवा. हे कोणी लिहिलं? कोणासाठी? का? आणि पुढचा प्रश्न मुलं स्वतः विचारतील: मुक्ती देणारेच फक्त होते का? कारण शेजारच्या कागदावर आकडा आहे, उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. असं विचारल्याने जोतीरावांचा मान कमी होत नाही. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या माणसाचा तो मानच आहे.

आपल्या शाळांतही प्रकल्प होतात. तक्ते लागतात, बरेचदा पालकच ते करतात. माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी तक्ते लागले की वर्गाला भिंतीसमोर उभं करा आणि विचारा, यातले कोणते दोन तक्ते एकमेकांशी भांडताहेत? मुलं शोधून काढतील. इतिहासाचा तास मग सुरू होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.