धारपांचा वाचकवर्ग

मराठी भयकथाकार व विज्ञानकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथा-कादंबऱ्यांभोवती, आणि विशेषेकरून 'समर्थ' या त्यांच्या मानसपुत्राच्या कथामालेभोवती, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात जमलेला व एकविसाव्या शतकातही टिकून राहिलेला रसिकसमुदाय. या समुदायाला नाव नाही, लिखित घटना नाही, वर्गणीची पावती नाही की वार्षिक मेळावा नाही. आणि तरीही दोन अनोळखी माणसांपैकी एकाने धारपांच्या 'लुचाई' या कादंबरीचा विषय काढला की दुसऱ्याची खूण पटते, इतपत त्याचे अस्तित्व निःसंशय आहे.

धारपांची पुस्तके शंभराच्या आसपास भरतात. त्यांत निव्वळ पिशाच्चकथा आहेत, तशा 'नेनचिम'सारख्या उघड वैज्ञानिक अद्‌भुताच्या कादंबऱ्याही आहेत. परंतु वाचकांना ज्याचे व्यसन लागले तो प्रकार या दोहोंच्या सीमेवरचा होय. कोकणच्या वा घाटावरच्या लोकपरंपरेतले भूत हे कोणा मृताचे अतृप्त रूप असते, त्याला नाव-गाव असते, नारळ-कोंबड्याने त्याची बोळवण होते. धारपांच्या दुष्ट शक्तीला मानवी पूर्वचरित्रच नसते: ती आपल्या मितीबाहेरची, माणसाच्या इतिहासाहून पुरातन, माणसाच्या सुखदुःखाविषयी सर्वस्वी उदासीन, आणि कोणाच्या तरी लोभाने वा कुतूहलाने दार किलकिले होण्याची वाट पाहत थांबलेली असते. ही कल्पना अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या कुळीतली आहे हे खरे; पण ती पुण्याच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात, कारकून, प्राध्यापक, वकील यांच्या साध्या बोलण्यातून उलगडते, तेव्हा तिचे परकेपण गळून पडते. धारपांची भाषा अलंकारशून्य आहे. समीक्षकांनी हे वैगुण्य मानले असावे, कारण त्यांनी या लेखनाची दखल फार थोडी घेतली. वाचकांनी मात्र तेच बलस्थान मानले.

या अनुरागाची खरी जन्मभूमी म्हणजे फिरते वाचनालय, अर्थात सर्क्युलेटिंग लायब्ररी. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर आदी शहरांच्या पेठांतून व चाळींच्या तळमजल्यांवर चालणारी ही खासगी वाचनालये अनामत रक्कम व मासिक वर्गणी घेऊन एका वेळी एक पुस्तक, आणि जादा वर्गणी भरल्यास सोबत एक मासिक, घरी नेऊ देत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी या वाचनालयांचे फळीबंद कपाट आधीच भरून ठेवले होते. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आणि धारप यांची त्यांत भर पडली. वाचनालयाच्या मालकाला पुस्तक टिकवायचे असे, म्हणून कोरी प्रत आली की तिचे पातळ मुखपृष्ठ काढून तिला जाड पुठ्ठ्याची बांधणी केली जाई, पाठीवर कापडी पट्टी आणि दाखलअंक पडे, आणि आतल्या काही ठरावीक पानांवर वाचनालयाचा गोल शिक्का उमटे, मग त्या पानावर नेमकी कथेची ऐन भयप्रद घटका का असेना. भयानक चेहऱ्यांच्या रंगीत मुखपृष्ठांचे जे आकर्षण पुढे संग्राहकांना वाटू लागले, ते त्या काळच्या कित्येक वाचकांच्या दृष्टीस पडलेच नव्हते. त्यांनी धारप वाचले ते तपकिरी पुठ्ठ्यातले, कडेला पूर्वीच्या खातेदाराने पेन्सिलीने ओढलेल्या रेघांसह, आणि प्रसंगी शेवटचे पान गहाळ असलेले.

या व्यवस्थेने वाचकाला काही सवयी लावल्या. पुस्तक मुदतीत परत करावयाचे असल्याने ते रात्रीतून संपवणे भाग पडे, आणि भयकथा रात्रीच वाचली गेल्यामुळे तिचा परिणाम द्विगुणित होई. हवे ते पुस्तक दुसऱ्या खातेदाराकडे गेलेले असल्यास त्याच्या परतीची चौकशी करावी लागे, त्यातून त्या खातेदाराचा परिचय घडे, आणि परिचयातून 'तुम्ही कोणकोणती वाचलीत' हा संवाद सुरू होई. प्रत्येकाजवळ वाचलेल्या-न वाचलेल्या पुस्तकांची एक फेरिस्त असे, बहुधा वहीच्या मागच्या पानावर. प्रकाशकाच्या जाहिरातीला या साऱ्यात नगण्य स्थान होते. या वाचकवर्गाची शिरगणती कोणत्याही दफ्तरात सापडत नाही याचेही कारण हेच: एका प्रतीमागे किती डोळे फिरले हे विक्रीच्या आकड्यांवरून कळण्याजोगे नाही.

दिवाळी अंकांचा वाटा वेगळा सांगावयास हवा. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी' यांच्या जोडीने काढलेल्या 'नवल'ने अद्‌भुत, गूढ व भयप्रद साहित्याला हक्काची जागा दिली. 'धनंजय'च्या वार्षिक अंकाची वाट पाहणारा वर्गही मोठा होता. फराळाच्या ताटाशेजारी पिशाच्चकथा वाचण्याची ही मराठी रीत परक्याला चमत्कारिक वाटेल, पण तिने भयकथेला घरातल्या वडीलधाऱ्यांची मूक संमती मिळवून दिली हे विसरता येत नाही. याच सुमारास विज्ञानकथेलाही प्रतिष्ठा येत होती: जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेस १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. परिषदेच्या वर्तुळातली विज्ञानकथा आणि वाचनालयाच्या कपाटातली धारपांची विज्ञानभयकथा यांच्यात मात्र फारसे येणे-जाणे राहिले नाही.

समर्थकथांविषयीचे प्रेम हे या समुदायाचे हृदयस्थान होय. समर्थ हा मांत्रिक नव्हे, बुवा तर नव्हेच. साधनेने सामर्थ्य कमावलेला, मितभाषी, संकटग्रस्ताची हकिगत शांतपणे ऐकून घेणारा आणि मग कामास लागणारा पुरुष आहे. त्याच्या नावातच रामदासांचे स्मरण आहे, आणि 'समर्थांचिया सेवका' हे पुस्तकाचे नाव तर मनाच्या श्लोकांतून आलेले असल्यामुळे, शाळेत ते श्लोक घोकलेल्या वाचकाला कथेत शिरण्यापूर्वीच अभय मिळते. 'समर्थांची शक्ती', 'समर्थांचा प्रहार' आदी पुस्तकांतून हीच व्यक्तिरेखा पुनःपुन्हा भेटते. समर्थांच्या कथांत सज्जनाचा निभाव लागणार हे ठरलेले असते. म्हणून अट्टल वाचकांतला एक पक्ष त्यांना काहीसा सौम्य ठरवतो आणि जेथे तारणहार नाही अशा 'चेटकीण', '४४० चंदनवाडी' यांसारख्या कादंबऱ्यांना वरचे स्थान देतो. दुसरा पक्ष समर्थांच्या आगमनाने मनाला मिळणारा विसावा हेच वाचनाचे फळ मानतो. जयदेव व कृष्णचंद्र या अन्य नायकांचे पाठीराखे संख्येने थोडे, पण आपल्या मताला घट्ट धरून राहणारे आहेत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांशी होणारी तुलना हा आणखी एक जुना वाद. मतकरींचे भय माणसाच्या मनातून उगवते आणि धारपांचे बाहेरून चाल करून येते, एवढे म्हटले की तो बहुधा मिटतो.

उसनवारीचा आरोप या वाचकवर्गाला वारंवार ऐकावा लागला आहे. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'वर आणि 'शपथ' ही त्याच्याच १९८६ च्या 'इट'वर आधारलेली आहे, 'आजी' या कथेचे मूळही त्याच्या 'ग्रॅमा'त आहे, हे इंग्रजी वाचणाऱ्यांच्या ध्यानी आले तेव्हा काहींचा भ्रमनिरास झाला. बहुसंख्यांची निष्ठा अढळ राहिली, आणि त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही: 'लुचाई' वाचताना अमेरिकेतल्या एका गावाची आठवणही होत नाही, इतके तिचे वातावरण इथले झाले आहे. ऋणाचा स्पष्ट निर्देश पुस्तकात असता तर बरे झाले असते, हेही तितकेच खरे.

धारपांच्या कथेचे नेपथ्य कोणत्या मातीचे असते हे जाणू इच्छिणाऱ्याने मुळशी तालुक्यातील मौजे कासारसाईसारखे गाव पाहावे. एका बाजूस धरणाचा जलाशय, दुसरीकडे कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, आणि जवळच हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीतल्या काचेच्या इमारती, अशी या गावाची आजची स्थिती आहे. धारपांच्या कितीतरी कथांचा आरंभ शहराबाहेरच्या अशाच टापूत होतो: एखाद्या नोकरदाराला वारशाने वा स्वस्तात जुने घर मिळते, खरेदीखत होते, फेरफाराची नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव चढते, आणि कागदोपत्री सर्व निर्वेध असलेल्या त्या मिळकतीवर कागदात न बसणारा एक पूर्वीचा कब्जा असल्याचे हळूहळू कळू लागते. तलाठ्याच्या दफ्तराएवढीच बिनचूक, कोरडी अशी ही सुरुवात हेच त्यांचे मोठे कसब आहे. शनिवार-रविवारी कासारसाईच्या काठावर तंबू ठोकून राहणाऱ्या तरुण मंडळींना, दिवे मालवल्यावर समोरचे काळे पाणी पाहून, मोठ्या भावंडाकडून ऐकलेली धारपांची एखादी गोष्ट आठवावी यात नवल नाही. ज्या तालुक्यात १९२० च्या दशकात टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला आणि तरीही गावेच्या गावे पाण्याखाली गेली, तेथे जलाशयाच्या तळाशी घरे असणे ही कल्पित गोष्ट नव्हेच.

परदेशातील अशा अनुरागाशी ताडून पाहता भेद स्पष्ट होतो. रिडली स्कॉटच्या १९७९ च्या 'एलियन' चित्रपटापासून निघालेली विज्ञानभयपटांची मालिका 'एलियन : रोम्युलस' (२०२४) व दूरचित्रवाणीवरील 'एलियन : अर्थ' (२०२५) येथवर अखंड चालू आहे, आणि तिच्या चाहत्यांसाठी २०१६ पासून २६ एप्रिल हा दिवस मुक्रर झाला, कथेतील उपग्रहाच्या 'एलव्ही-४२६' या नावावरून ही तारीख निघाली. तो दिवस ठरवला चित्रपटाचे हक्क बाळगणाऱ्या कंपनीने. तेथे बाहुल्या, पोशाख, खेळ आणि नवे भाग यांचा पुरवठा मालकाकडून होत राहतो व उत्साह त्यावर पोसला जातो. धारपांच्या वाचकांना असा कोणी पुरवठादार लाभला नाही. लेखक प्रसिद्धीपासून दूर राहिलेला, पुस्तके दीर्घकाळ बाजारातून अदृश्य, आणि पडद्यावरील रूपांतरे तुरळक, अशा दुष्काळात ही आवड तोंडी सांगण्यावर जगली.

तिला अनपेक्षित उजाळा मिळाला तो राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाने (१२ ऑक्टोबर २०१८). नागझिऱ्याच्या अभयारण्यात १९९३ साली एका मित्राने आपल्याला धारपांची कथा सांगितली आणि तिच्या भीतीतून चित्रपटाचे बीज पडले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. म्हणजे या चित्रपटाचा उगमही वाचनातून न होता सांगण्या-ऐकण्यातून झाला, ही गोष्ट धारपांच्या वाचकवर्गाच्या स्वभावाला धरूनच आहे. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देते, पण कथानकाचा तिच्याशी संबंध नाही. व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा मूळ प्रदर्शनाहून अधिक गल्ला जमला. चित्रपटातील अधाशी दैवताचे 'हस्तर' हे नाव लव्हक्राफ्टच्या वर्तुळातील 'हस्तुर'शी जुळते, हे जुन्या वाचकांनी तत्काळ ओळखले. त्याच वर्षी, २०१८ मध्ये, धारपांच्या कथेवरील 'ग्रहण' ही मालिका पल्लवी जोशी यांच्या भूमिकेसह झी मराठीवर आली.

या दोन घटनांनंतर धारपांकडे वळलेला नवा वाचक वाचनालयाच्या पायऱ्या चढलेला नाही. साकेत प्रकाशनाने काढलेल्या नव्या आवृत्त्यांमुळे त्याला बहुतेक पुस्तके विकत मिळतात. जुन्यांना याचा आनंद आहे आणि थोडी असूयाही. ज्या पुस्तकासाठी त्यांनी वर्षानुवर्षे रद्दीवाल्यांकडे फेऱ्या घातल्या, ते आता चार दिवसांत घरपोच येते. मूळ आवृत्त्यांना, विशेषतः मुखपृष्ठ शाबूत असलेल्या प्रतींना, संग्राहकांत आता चांगली किंमत येते, आणि वाचनालये बंद पडताना निघालेल्या गठ्ठ्यांतून पुठ्ठ्याच्या बांधणीतील शिक्का मारलेल्या प्रती अजूनही अधूनमधून हाती लागतात.