पाळण्याचा कागद कुणी पाहिला?

परवा रात्री 'क्लास अ‍ॅक्शन पार्क' ही २०२० सालची डॉक्युमेंटरी पाहिली आणि झोपच उडाली. पडद्यावर अमेरिकेतल्या घसरगुंड्या होत्या, पण मला आपल्या जत्रेतले आकाशपाळणे दिसत होते.

गोष्ट न्यू जर्सीतल्या व्हर्नन गावची. जीन मल्विहिल नावाच्या माणसाने तिथे १९७८ मध्ये अ‍ॅक्शन पार्क काढलं. डोंगर उतारावर सिमेंटची घसरगुंडी आणि तिच्यावरून सुसाट सुटणारी छोटी गाडी. लाटांचा तलाव असा, की बुडणाऱ्यांना ओढून काढता काढता जीवरक्षक थकून जात. एकदा तर आत शिरलेला माणूस पूर्ण उलटा फिरेल अशी बंद नळी उभी केली. ती महिनाभरात बंद करावी लागली. १९८० मध्ये पार्कचाच एक तरुण कामगार घसरगुंडीवरून फेकला गेला आणि दगावला. १९८७ पर्यंत सहा मृत्यू झाले. तरी पार्क १९९६ पर्यंत चाललं!

कसं काय? तर कागदावर सगळं ठीक होतं. विमा होता, पण विमा कंपनी बनावट, केमन बेटांवर दाखवलेली. १९८४ मध्ये मालकाने गुन्हा कबूल केला, पार्क मात्र सुरूच राहिलं. गावातल्या पोरांना तिथे काम मिळायचं. जखमी इतके व्हायचे, की पार्कने गावाला जादा रुग्णवाहिका घेऊन दिल्या. धोका सगळ्यांना माहीत होता, लपलेलं काहीच नव्हतं.

हे फक्त तिकडेच होतं असं नाही. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादेत कांकरिया तलावाजवळ झुलता पाळणा मोडून दोघे गेले. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली, २७ जीव गेले. तिथे अग्निशमनचा ना हरकत दाखलाच नव्हता. हे कधी कळलं? माणसं गेल्यावर.

आता माझी कबुली. वीसेक वर्षांपूर्वी मी या धंद्यात नवा होतो. तालुक्यातल्या एका जत्रेत पाळणा मध्येच बंद पडला, दोन पोरं तासभर वर अडकली. खाली त्यांची आई रडत होती. मी बातमी दिली, 'मोठा अनर्थ टळला'. तपासणीचा दाखला कुठंय, हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाळणा पुन्हा फिरायला लागला. ती बातमी आजही टोचते.

नवरात्रात कालिकामातेच्या यात्रेला आपण सगळेच जातो. पाळणे बंद करा असं मी म्हणत नाही, त्यावर कुणाचं तरी पोट आहे. मागणी एवढीच, की कुठल्याही जत्रेत तपासणीचा दाखला तारखेसह तिकीट खिडकीवर लावा. आणि तुम्हीही पोराला पाळण्यात बसवण्याआधी एकदा विचारा, "दादा, कागद दाखवा." मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.