स्टीमबॉट क्रॉनिकल्स

स्टीमबॉट क्रॉनिकल्स : प्लेस्टेशन २ साठी आयरेम सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग या जपानी कंपनीने तयार केलेला मुक्त रचनेचा साहसी व्हिडिओ गेम. जपानमध्ये तो जून २००५ मध्ये ‘पोन्कोत्सु रोमान दाइकात्सुगेकी बम्पी ट्रॉट’ या ऐसपैस नावाने आला. उत्तर अमेरिकेत अ‍ॅटलस कंपनीने तो मे २००६ मध्ये प्रकाशित केला आणि त्याच वर्षी तो युरोपातही पोचला. निर्मितीचे नेतृत्व कझुमा कुजो यांच्याकडे होते. खपाच्या किंवा पुरस्कारांच्या यादीत हा गेम शोधू गेल्यास निराशा होते. तरीही ज्यांनी तो मन लावून खेळला, ते वीस वर्षांनंतरही त्याची शिफारस करताना थकत नाहीत, आणि प्रस्तुत नोंदीच्या लेखकाच्या मते ते बरोबर आहेत.

कथानक : जहाजबुडीतून वाचलेला, स्मृती गेलेला व्हॅनिला बीन्स हा तरुण सीगल बीच या किनाऱ्यावर शुद्धीवर येतो आणि त्याला कॉनी ही मुलगी भेटते. कॉनी ही गार्लंड ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या वाद्यवृंदाची गायिका. फेनेल, बेसिल, सेव्हरी, डँडेलियन अशी बहुतेक पात्रांची नावे मसाल्याच्या डब्यातून किंवा परसातल्या वाफ्यातून उचललेली आहेत. नेफ्रोबर्ग या लहान गावातून हॅपी गार्लंड या महानगराकडे जाणारा प्रवास, वाटेत दरोडेखोर टोळीचा उपद्रव आणि नायकाच्या पूर्वायुष्याचा हळूहळू लागणारा छडा, असा हा ऐवज आहे. कथा साधी, मधूनमधून भाबडीही आहे.

ट्रॉटमोबिल : या जगात मोटारगाड्यांची जागा दोन पायांवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. काटेकोरपणे पाहता ट्रॉटमोबिल हा यंत्रमानव नव्हे. त्याला स्वतःची बुद्धी नाही, आत माणूस बसल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. तथापि जपानी चित्रपरंपरेत माणसाने आत बसून चालवायच्या महाकाय यंत्रांनाही यंत्रमानवांतच धरतात, आणि येथेही तोच संकेत पाळला आहे. १९७९ च्या ‘मोबाइल सूट गंडम’ने अशा यंत्राला लष्करी शस्त्राचे रूप दिले. त्याला समांतर दुसरा एक प्रवाह वाहत होता : १९८२ च्या ‘झाबुंगल’ या मालिकेतली यंत्रे स्टिअरिंग धरून ट्रकसारखी हाकली जात, तर १९८८ पासूनच्या ‘पॅटलेबर’मध्ये ती बांधकामावर मजुरी करत. ट्रॉटमोबिल या दुसऱ्या प्रवाहातला आहे. चालकाची बैठक उघडी असते, त्यामुळे यंत्र चालवणारा माणूस सतत दिसतो. लढताना, पुलावरून जाताना, गावातल्या गल्लीत वळताना त्याचे डोके आणि कपडे दिसत राहतात. मोठ्या यंत्रकथांमध्ये चेहरा पोलादाआड जातो. तो इथे जात नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने सारा सूर घरगुती होतो.

धड, पाय, डावा हात, उजवा हात आणि पाठीवरचे सामान हे सारे सुटे आहे आणि बदलता येते. हाताच्या जागी तलवार बसवता येते किंवा तोफ. पाठीवर माल ठेवायचा मंच बसतो किंवा प्रवाशांसाठी आसने. मंच बसवला की तेच यंत्र मालट्रक होते, आसने बसवली की बस होते, आणि संध्याकाळी दोन्ही काढून तेच आखाड्यात उतरते. बहुतेक भूमिकाप्रधान गेममध्ये योद्धा, चोर, व्यापारी हा पेशा माणसाला चिकटलेला असतो. येथे तो यंत्राला चिकटतो आणि गॅरेजमध्ये पाना फिरवून बदलता येतो. रचनेच्या दृष्टीने या गेमचे खरे वेगळेपण हेच आहे. त्याच्या वेष्टनावर मिरवलेल्या ‘नॉनलिनिअर’ या विशेषणापेक्षा ते पुष्कळ अधिक काही सांगते.

नियंत्रण : याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुष्कळ लोकांनी गेम सोडला तो इथेच. यंत्राचे पाय कंट्रोलरवरच्या दोन अ‍ॅनालॉग स्टिकनी चालतात. दोन्ही पुढे ढकलल्या की यंत्र पुढे जाते, दोन्ही मागे ओढल्या की मागे येते, एक पुढे आणि एक मागे केली की जागच्या जागी वळते. खांद्याकडच्या कळांनी हात चालतात : डाव्या बाजूच्या कळांनी डावा, उजव्या बाजूच्या कळांनी उजवा. ही कल्पना नवी नव्हती. सेगाच्या ‘व्हर्च्युअल ऑन’मध्ये १९९५ मध्येच दोन दांड्यांनी यंत्र हाकले जात होते. २००४ च्या ‘कातामारी दामासी’त तसाच हिशेब एका गडगडत्या गोळ्याला लावला गेला. कॅपकॉमच्या ‘स्टील बटालियन’साठी तर २००२ मध्ये सुमारे चाळीस कळांचा स्वतंत्र कंट्रोलरच विकला गेला. ‘स्टीमबॉट’ या दोन टोकांच्या मधोमध बसतो.

पहिल्या काही तासांत यंत्र भिंतीला घासते, पुलाच्या कठड्याला अडकते, शत्रूकडे वळेपर्यंत शत्रू पाठीमागे गेलेला असतो. पाठीमागून येणारा कॅमेरा वळणावर हमखास मागे राहतो. समीक्षकांनी यावर बोट ठेवले आणि ते खोटे नव्हते. पण हातांना सवय झाली की शत्रूला डाव्या हाताने अडवून उजव्याने हाणताना दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या आपापले काम वेगवेगळे करू लागतात, आणि ही यंत्रे पाय टाकत चालतात हे कळू लागते. एका स्टिकवर हलणाऱ्या पात्राला हे वजन कधीच येत नाही. साधे नियंत्रण दिले असते तर गेम अधिक लोकांनी पूर्ण केला असता, हे मान्य करूनही प्रस्तुत लेखकाला ते हवेसे वाटत नाही.

उद्योगधंदे : मुख्य कथेकडे पाठ फिरवून करता येण्याजोग्या कामांची संख्या मोठी आहे. गावोगाव माल पोचवणे, प्रवासी नेणे, आखाड्यात क्रमवारीच्या लढती लढणे, बिलियर्ड्स खेळणे, जीवाश्म शोधणे, शेअर बाजारात पैसे गुंतवणे, दुकानांतून कपडे आणि चष्मे घेणे. ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. मालवाहतुकीतून पैसा येतो, पैशातून यंत्राचे भाग येतात, चांगल्या भागांनी आखाडा जिंकता येतो. कथा मात्र घाई करत नाही. कॉनीला कार्यक्रमाला येतो म्हणून सांगून खेळाडू खुशाल बिलियर्ड्सच्या टेबलाशी रेंगाळू शकतो. सारेच धंदे सारखे जमलेले नाहीत. शेअर बाजार उथळ आहे.

संगीत : व्हॅनिला निरनिराळी वाद्ये वाजवू शकतो : हार्मोनिका, गिटार, सॅक्सोफोन, अ‍ॅकॉर्डियन, ड्रम इत्यादी. पडद्यावर सरकत येणाऱ्या खुणांप्रमाणे कळा दाबायच्या असतात आणि वाद्यागणिक कळांची पद्धत बदलते. रस्त्याच्या कडेला उभे राहून वाजवल्यास जाणारे-येणारे पैसे देतात. ग्लोबट्रॉटर्सबरोबर रंगमंचावरही वाजवता येते. ‘गिटार हीरो’ अमेरिकेत २००५ च्या अखेरीस आला, म्हणजे ‘बम्पी ट्रॉट’नंतर काही महिन्यांनी. अर्थात तालावर कळा दाबण्याचे खेळ जपानमध्ये नव्वदच्या दशकापासूनच रुळले होते, त्यामुळे अग्रमानाचा दावा करण्यात अर्थ नाही.

निवड आणि परिणाम : संभाषणात जागोजागी उत्तरे निवडावी लागतात आणि त्यांवरून नायकाचा स्वभाव घडत जातो. पहिल्याच भेटीत कॉनीशी सौजन्याने बोलता येते, तसेच उद्धटपणेही. पुढे दरोडेखोरांच्या बाजूला जाण्याचा मार्गही खुला आहे. हा दुष्ट मार्ग चांगल्या मार्गाइतका भरीव आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. खऱ्या अर्थाने मुक्त काय आणि केवळ फाटे फुटलेले काय, हा वाद या गेमपुरता मर्यादित नाही. एवढे निश्चित की लहानसहान उत्तरांची नोंद गेम ठेवतो, आणि जरा फटकळपणे वागलेल्या खेळाडूला त्याची आठवण पुढे करून दिली जाते.

चित्रण : रेखीव, कार्टूनसारखे, दूरची दृश्ये उशिरा उमटतात.

स्वागत : उत्तर अमेरिकेत गेम आला तेव्हा वेळ प्रतिकूल होती. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आला होता, प्लेस्टेशन ३ २००६ च्या अखेरीस येऊ घातला होता आणि मुक्त जगाची तहान ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ (२००४) व ‘ओब्लिव्हियन’ (मार्च २००६) यांनी भागवली होती. त्यांच्या अखंड भूप्रदेशांपुढे ‘स्टीमबॉट’चे लहान लहान तुकड्यांत विभागलेले रस्ते आणि प्रत्येक तुकड्यापाशीचे थांबणे जुनाट वाटले. समीक्षा संमिश्र, पण आपुलकीच्या होत्या. मोहकपणा बहुतेकांनी मान्य केला, कॅमेऱ्याबद्दल बहुतेकांनी तक्रार केली.

निर्माती कंपनी आणि दुसरा भाग : आयरेमची मुळे १९७४ मध्ये केन्झो त्सुजिमोतो यांनी स्थापन केलेल्या कंपनीत आहेत, त्सुजिमोतो पुढे कॅपकॉमचे संस्थापक झाले. ‘मून पॅट्रोल’ (१९८२) आणि ‘आर-टाइप’ (१९८७) ही आयरेमची गाजलेली आर्केड नावे. १९९४ मध्ये गेमनिर्मिती थांबली, आणि १९९७ मध्ये आयरेम सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग म्हणून ती पुन्हा सुरू झाली. कुजो यांनी आयरेममध्ये ‘इन द हंट’वर काम केले, नंतर ‘मेटल स्लग’ घडवणाऱ्या चमूत ते होते, आणि परतल्यावर भूकंपात सापडलेल्या शहरातून निसटण्याचा ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी’ (२००२) हा गेम त्यांनी केला. ‘बम्पी ट्रॉट’शी त्याचे नाते दिसते : दोन्हींत माणसे बोलतात, उत्तरे निवडावी लागतात आणि विचित्र, निरुपयोगी उत्तरांनाही जागा असते. दरवर्षी १ एप्रिलला खोट्या गेमची अख्खी संकेतस्थळे थाटणाऱ्या कंपनीला हा स्वभाव शोभणारा होता.

‘बम्पी ट्रॉट २’ची घोषणा प्लेस्टेशन ३ साठी झाली आणि २००६ च्या टोकियो गेम शोमध्ये त्याची दृश्यफीत दाखवली गेली. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर प्रचंड भूकंप व त्सुनामी आली. तीनच दिवसांनी प्रकाशनाच्या उंबरठ्यावर असलेला ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी ४’ रद्द झाल्याचे जाहीर झाले. ‘बम्पी ट्रॉट २’ही त्याच वर्षी बारगळला. भूकंप हेच एकमेव कारण होते, की कंपनी गेमनिर्मितीतून आधीच हात आखडता घेत होती, याविषयी निश्चित विधान करणे योग्य होणार नाही. आयरेमचे ठाणे इशिकावा प्रांतात, म्हणजे आपद्ग्रस्त प्रदेशाच्या विरुद्ध किनाऱ्यावर होते. एप्रिल २०११ मध्ये कुजो आणि काही सहकाऱ्यांनी त्याच प्रांतात ग्रान्झेला ही कंपनी काढली. तिने ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी’ या आपत्ती-मालिकेचे हक्क मिळवून चौथा भाग २०१८ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध केला आणि २०२१ मध्ये ‘आर-टाइप फायनल २’ आणला. ‘बम्पी ट्रॉट’चा दुसरा भाग मात्र आलेला नाही.

चाहते : संख्येने थोडे, आग्रहाने पुष्कळ. ते गेमचे दोष स्वतःहून आधी सांगतात आणि मग आखाड्याविषयी किंवा गावातल्या हार्मोनिकाविषयी बोलायला लागतात. मूळ तबकड्या जपून ठेवण्याकडे त्यांचा कल असतो. पीसीएसएक्स२ या अनुकरण-प्रणालीमुळे संगणकावर वाढीव रेखीवतेने खेळणारेही आहेत, पण दोन स्टिकचा कंट्रोलर जोडल्याशिवाय तिथेही पाऊल टाकणे अवघड जाते.

उपखेळ : ‘ब्लोकस’ या फरशा मांडण्याच्या बैठ्या खेळाची पीएसपी आवृत्ती याच पात्रांना घेऊन निघाली, अमेरिकेत ती ‘ब्लोकस पोर्टेबल : स्टीमबॉट चॅम्पियनशिप’ या नावाने विकली गेली.