परिचारिकांची टंचाई आणि परिचारिकांचीच बेकारी

कोल्हापूर (प्रतिनिधी) : रुग्णालयांत परिचारिका अपुऱ्या आहेत, ही तक्रार नवी नाही. दुसरीकडे नर्सिंगची पदविका किंवा पदवी घेतलेल्या मुली आणि अलीकडे मुलगेही महिनोन्महिने नोकरीच्या शोधात दवाखान्यांचे उंबरठे झिजवत असतात. ही दोन्ही विधाने खरी आहेत. परिचारिकांची गरज असणे आणि त्यांच्यासाठी पगाराची जागा असणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कशामुळे पडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

नोंदणी किती, कामावर किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाखांची उणीव होती. भारतात केवळ नोंदणीचे आकडे पाहिले तर चित्र फारसे वाईट दिसत नाही, कारण नोंदणीकृत परिचारिकांची संख्या ३० लाखांहून अधिक आहे. मात्र नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. विवाहानंतर काम सोडलेल्या, परदेशी गेलेल्या, व्यवसाय बदललेल्या आणि काम न मिळालेल्या अशा सर्वांचीच नावे नोंदवहीत राहतात.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात दर १० हजार लोकसंख्येमागे परिचारिका व प्रसाविकांची नोंदीतील संख्या १७.७ होती. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची संख्या १०.६ वर येत होती आणि पुरेशी पात्रता असलेल्यांचाच विचार केला तर ती अवघी ६ राहत होती. नोंदीतील प्रत्येक तीन परिचारिकांमागे पात्रताधारक व कामावर असलेली जेमतेम एक, असा त्याचा अर्थ होतो. कामावर असणाऱ्यांतही मोठा भाग पुरेशी पात्रता नसलेल्यांचा होता. नव्याने शिकून आलेल्या परिचारिकेची जागा कोठे अडते, याचे उत्तर या आकड्यांत दडले आहे.

कोल्हापूरचे चित्र

पश्चिम महाराष्ट्राला शुश्रूषा शिक्षणाची जुनी परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले होते. आज कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे अर्थात सीपीआर रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. कसबा बावड्यातील डॉ. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात परिचर्या महाविद्यालय आहे. याखेरीज खासगी संस्थांची परिचर्या विद्यालये आहेत. सिंधुदुर्ग, सांगली आणि सीमाभागातील निपाणी, चिकोडीपर्यंतचे रुग्ण उपचारासाठी कोल्हापूर गाठतात. त्यामुळे येथे शिकले की येथेच काम मिळेल, असा पालकांचा समज असतो.

सहायक परिचारिका प्रसाविका अर्थात एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम ही पदविका तीन वर्षांची आणि बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची असते. चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडीसारख्या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबे वसतिगृह, शुल्क आणि गणवेशाचा भार कर्ज काढून पेलतात, ते या शिक्षणाच्या शेवटी नोकरी निश्चित आहे या विश्वासावर.

सरकारी नोकरीची दारे

जिल्ह्यातील सरकारी सेवेची दारे एकाच ठिकाणी नाहीत. सीपीआर हे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आणि सावित्रीबाई फुले रुग्णालयासारखी शहरी रुग्णालये महापालिकेकडे आहेत. प्रत्येकाची जाहिरात, परीक्षा आणि शुल्क वेगळे. कायम अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. खासगी दवाखान्यातील पगाराशी या रकमेची तुलना केली की या जाहिरातींची वाट का पाहिली जाते, ते कळते.

पण ही वाट लांबते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २०२१ मधील भरती परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले आणि २०२२ मध्ये ती परीक्षा रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर २०२३ मध्ये या विभागाने गट क व गट ड मिळून १० हजार ९४९ पदांची जाहिरात काढली. खुल्या प्रवर्गासाठी शुल्क एक हजार रुपये होते. मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येक नव्या तुकडीची भर उमेदवारांच्या रांगेत पडतच होती.

दुसरा मार्ग कंत्राटी नेमणुकीचा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि २०१३ पासून ते राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा भाग आहे. त्यातील परिचारिका मानधनावर आणि मुदतीच्या करारावर काम करतात. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, तात्पुरत्या नेमणुका मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि लाट ओसरताच त्या संपल्या. खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला. शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्यस्रोतांद्वारे भरतीचा आदेश काढला. सर्वच क्षेत्रांतून विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. मार्च २०२४ मध्ये अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्यांना काही प्रमाणात नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय झाला. जुन्या कंत्राटी परिचारिकांना तो न्याय देणारा आहे. मात्र नवी पदे निर्माण झाली नाहीत, तर त्याच मर्यादित जागांसाठी नव्या उमेदवारांची स्पर्धा अधिक कठीण होते, हेही खरे.

तीस खाटांचा हिशेब

कोल्हापूरच्या राजारामपुरी, शाहूपुरी, नागाळा पार्क भागांत लहान-मध्यम खासगी रुग्णालयांची दाटी आहे. नव्या परिचारिकेची पहिली नोकरी बहुधा अशाच ठिकाणी असते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रचलित निकषांनुसार शिक्षण रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजा-सुट्यांसाठी ३० टक्के जादा. तीस खाटांच्या रुग्णालयाला या हिशेबाने सहा अधिक दोन, अशा आठ परिचारिका लागतात. तीन पाळ्या धरल्या तर प्रत्येक पाळीत दोघीच असतात. म्हणजे ही चैन नव्हे, ही किमान गरज आहे.

आता पगार पाहू. परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी निर्देश दिले आणि केंद्राने समिती नेमली. समितीच्या शिफारशी अशा होत्या : २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तेथे दरमहा किमान २० हजार रुपये. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली. केरळने २०१८ मध्ये अधिसूचना काढून परिचारिकांचे किमान वेतन २० हजार रुपये ठरवले.

आठ परिचारिकांना प्रत्येकी २० हजार दिले तर तीस खाटांच्या रुग्णालयाचा खर्च महिन्याला १ लाख ६० हजार रुपये होतो. हा खर्च टाळण्याचा सोपा उपाय अनेक ठिकाणी वापरला जातो. दहावी-बारावी झालेल्या मुलीला कामावर ठेवून सलाईन लावणे, इंजेक्शन देणे शिकवले जाते. पांढरा अथवा निळा गणवेश घातला की रुग्णाच्या लेखी तीही ‘सिस्टर’च असते. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या ‘नर्सिंग सहायक’ अभ्यासक्रमांना परिचर्या परिषदेची मान्यता नसते. तरीही ती प्रमाणपत्रे चालून जातात. शिकलेली मुलगी मग याच पगारावर काम करण्यास तयार होते किंवा घरी बसते.

वास्तविक कायदा याबाबत मुका नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमात पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसणे हे नोंदणी नाकारण्याचे एक कारण मानले आहे. म्हणजे तपासणी काटेकोर झाली, तर नव्या परिचारिकांसाठी जागा निर्माण करण्यास वेगळ्या योजनेची गरज भासणार नाही.

मंदी दवाखान्यात कशी शिरते?

आजारपण मंदी पाहून येत नाही. पण उपचार मात्र मंदी पाहून पुढे ढकलले जातात. कोल्हापूरची अर्थव्यवस्था ऊस, दूध, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्री उद्योग, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि हुपरीची चांदी यांवर उभी आहे. २००८-०९ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये वाहन उद्योगाची मागणी घटली, तेव्हा फौंड्रीतील पाळ्या कमी झाल्या. अशा वेळी हर्निया, मोतीबिंदू, गुडघ्याची शस्त्रक्रिया ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून थांबते. खाटा रिकाम्या राहिल्या की लहान रुग्णालय कर्जाचा हप्ता, वीजबिल आणि यंत्रांचा खर्च टाळू शकत नाही. कात्री लागते ती मनुष्यबळाला. बाहेर पडलेल्या परिचारिकेची जागा भरली जात नाही, बारा तासांची पाळी सुरू होते आणि ‘अनुभव असेल तरच या’ असे उत्तर मिळते.

हा अनुभव केवळ आपला नाही. २००८ नंतरच्या मंदीत अमेरिकेत निवृत्तीला आलेल्या परिचारिकांनी नोकरी सोडणे लांबवले, घरी बसलेल्या पुन्हा कामावर आल्या आणि नव्या पदवीधरांना जागा मिळेना. फिलिपिन्समध्ये तर परदेशी नोकरीच्या आशेने शिकलेल्या परिचारिका अनुभवाच्या प्रमाणपत्रासाठी विनावेतन राबत होत्या. काही ठिकाणी उलट रुग्णालयालाच पैसे द्यावे लागत. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये शासनाला नव्या परिचारिकांना काम मिळवून देण्यासाठी स्वतंत्र हमी योजना जाहीर करावी लागली.

परदेशाचे आकर्षण

त्यामुळे परदेशाचा मार्ग वाटतो तितका सरळ नाही. आखाती देशांत परवान्यासाठी सहसा दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो, म्हणजे येथील पहिली नोकरी हीच तेथील पहिली पायरी ठरते. फसवणुकीच्या तक्रारींनंतर केंद्राने २०१५ मध्ये आखातासह १८ देशांत परिचारिकांची भरती शासकीय संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घातले. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. मात्र तेथे जर्मन भाषा येणे अनिवार्य आहे.

नव्या परिचारिकेने काय पाहावे?

उत्तीर्ण होताच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी व तिचे वेळेत नूतनीकरण करावे. नोंदणीविना केलेले काम पुढे ग्राह्य धरले जाण्याची खात्री नसते. नेमणुकीचे पत्र लेखी घ्यावे. त्यात पद, वेतन आणि पाळीचे तास स्पष्ट असावेत. पगार बँकेत जमा व्हावा असा आग्रह धरावा, कारण अनुभवाचा तोच सर्वांत भक्कम पुरावा. मूळ गुणपत्रिका व नोंदणी प्रमाणपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये, छायाप्रती द्याव्यात. बंधपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी मुदत आणि रक्कम वाचावी. कमी वेतन व बंधपत्राच्या सक्तीविरुद्ध २०११ मध्ये मुंबईसह अनेक शहरांतील परिचारिका रस्त्यावर उतरल्या होत्या, याचे स्मरण ठेवावे. प्रवेश घेतानाच संस्थेला परिषदेची मान्यता आहे का आणि तिच्याशी खरोखर चालते रुग्णालय जोडलेले आहे का, हे पालकांनी पाहिले तर पुढची बरीच निराशा टळेल.

प्रश्न रुग्णाचाही

युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परिचारिकेवरील भार एका रुग्णाने वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. रात्री दोन वाजता रक्तदाब खाली चालला आहे, हे डॉक्टरांच्या आधी जिला कळायला हवे, ती परिचारिका असते. तिच्या जागी अर्धवट शिकवलेली मुलगी उभी असेल, तर चूक त्या मुलीची नाही. पण किंमत रुग्ण मोजतो.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर करून १९४७ च्या जुन्या कायद्याला पर्याय दिला. शिक्षणाचा दर्जा त्यातून सुधारू शकेल. परंतु शिकलेल्या परिचारिकेला वॉर्डपर्यंत पोहोचवायचे तर दोन गोष्टी राज्यातच कराव्या लागतील. पदभरती दरवर्षी ठरावीक वेळी व्हावी आणि खासगी रुग्णालयांत पात्र परिचारिकांची संख्या व वेतन यांची तपासणी कागदापुरती राहू नये. रुग्णालयात नातेवाईक दाखल करताना डॉक्टरांची पदवी आपण आवर्जून वाचतो. रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका किती असतात, हा प्रश्नही कोल्हापूरकरांनी विचारू लागावे.