लोणारचा खार आणि पाकिटातलं एन्झाइम

धुण्याच्या पावडरच्या पाकिटावर ‘एन्झाइम’ असा शब्द असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. आज त्याची कुळकथा सांगते.

धुणं आणि खार यांची जोडी फार जुनी. आपल्या आज्या राख वापरायच्या, तोही खारच. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी असंच खारं, त्यात धुण्याच्या सोड्याचा अंश. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात लोणारच्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, अशी नोंद आहे. म्हणजे लोणारची साबणाशी ओळख चारशे वर्षांची!

खाराने तेलकट मळ निघतो, पण रक्ताचा, दुधाचा डाग चिवट. त्यात प्रथिनं असतात. पाळीचे कपडे गार पाण्यात धुवायचे, हे आईने शिकवलेलं अगदी बरोबर आहे. कढत पाण्याने रक्तातलं प्रथिन उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतं.

जेवणातली प्रथिनं पोटातले रस पचवतात. मग तेच काम बादलीत का होऊ नये? जर्मनीच्या ओटो रोम या रसायनशास्त्रज्ञाने जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम सोड्यात मिसळलं आणि १९१३ साली त्याचं पेटंट घेतलं. पण सोड्याच्या पाण्यात ते एन्झाइम नीट टिकेना. वाट सापडायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. १९५९ साली स्वित्झर्लंडमध्ये जिवाणूंपासून काढलेलं एन्झाइम घालून पावडर निघाली. दह्याच्या विरजणात असतात तसेच हे बारीक जीव, जात वेगळी. मोठ्या टाक्यांत ते वाढवतात, त्यांनी सोडलेलं एन्झाइम गाळून घेतात. पाकिटात जिवाणू नसतात, बरं का.

खाऱ्या पाण्यात टिकणारं एन्झाइम हवं, तर खाऱ्या पाण्यातलेच जिवाणू शोधावेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लोणारच्या पाण्यातून असे जिवाणू वेगळे केले. त्यांच्या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमवरचा अभ्यास २००२ साली छापून आला. जिथला खार साबणाला जायचा, तिथलेच जीव पुन्हा धुण्याच्या कामी. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पण या पावडरची किंमत आधी कामगारांच्या छातीने मोजली. १९६९ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की कारखान्यात एन्झाइमची धूळ नाकात जाऊन कामगारांना खोकला, धाप आणि दम्यासारखा त्रास होतोय. त्यानंतर कारखान्यांनी धूळ आवरली आणि एन्झाइमवर मेणासारखं आवरण चढवून त्याचे दाणे केले. म्हणून घरी पाकीट उघडताना आपल्याला तसा धोका राहिला नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या गटांतल्या कितीतरी जणी धुण्याची पावडर करून विकतात. कोणी ‘एन्झाइम घाला, डाग लगेच जातील’ म्हणून सुटी भुकटी दिली, तर ती घरात चाळायला, हाताने कालवायला बसू नका. तोंडाला ओढणी बांधून भागत नाही. आवरण असलेलेच दाणे मागा, आणि तेही कुटू नका. मिळाले नाहीत, तर एन्झाइमशिवायची पावडर करा. तीही खपते.

आणि एक राहिलंच. आपली सोलापुरी चादर सुती, तिला हे एन्झाइम चालतं. रेशमी इरकल मात्र यात भिजवू नका. रेशीम म्हणजे प्रथिनच, डागासोबत साडीही कुरतडली जाईल.