परिचारिकेची योग्या

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुक गावातील, परिचर्येची पदवी घेत असलेल्या एका विद्यार्थिनीने आपली रुग्णालयातील कामाची नोंदवही मजपुढे ठेवून विचारले, "गुरुजी, एवढे तास भरण्याचा नियम आपल्या जुन्या वैद्यकात होता काय?" होता असे अभिमानाने सांगण्याचा मोह आवरून ग्रंथांकडे वळणे इष्ट होय.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात 'योग्या' म्हणजे हस्ताभ्यास सांगितला आहे. कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर छेदन. मृत पशूच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेधन. जाड व पातळ वस्त्रांवर सीवन. आणि पुस्तमय पुरुषाच्या, म्हणजे कृत्रिम पुतळ्याच्या, अवयवांवर पट्टबंधन. बहुश्रुत असूनही ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अपात्र, असा ग्रंथकाराचा निर्णय आहे. परंतु ही योग्या शल्यवैद्याच्या शिष्यासाठी आहे, हे विसरता कामा नये.

परिचारकाचा विचार निराळ्या स्थळी येतो. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच असे चार गुण चरकाने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात गणले आहेत. सुश्रुतानेही चौतिसाव्या अध्यायात स्नेहशील, न किळसणारा, बलवान, वैद्यवचन पाळणारा व न थकणारा असा परिचारक वर्णिला आहे. या दोन्ही स्थळी गुण सांगितले आहेत. ते अंगी बाणविण्याचा क्रम सांगितलेला नाही. मग रुग्णाजवळच्या तासांचा नियम प्राचीन कसा म्हणावा?

परिचारिकेस योग्या लाभली ती अर्वाचीन काळात. इ. स. १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यास उभ्या राहिलेल्या सेवासदनाने स्त्रियांस ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडले. परिचर्या हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असा समज तेव्हा प्रबळ होता. पदवीचे शिक्षण हिंदुस्थानात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. पुढे १९६४ साली मुंबईस महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत पहिली सात सत्रे प्रत्येकी ८०० तासांची असून, आठवे सत्र प्रत्यक्ष उमेदवारीचे, १०५६ तासांचे आहे. एका श्रेयांकास व्याख्यानाचे २० तास, कौशल्यशाळेचे ४० आणि रुग्णशय्येजवळचे ८० तास लागतात. परीक्षेस बसण्यास ८० टक्के उपस्थिती चालते. पदवी हाती पडण्यापूर्वी मात्र रुग्णालयातील उपस्थिती पूर्ण शंभर टक्के लागते. कौशल्यशाळेतील पुतळा पाहताच सुश्रुताचा पुस्तमय पुरुष आठवतो; पण साम्य म्हणजे परंपरा नव्हे.

हस्तलिखितसंग्राहकांस एक विनंती आहे. घरोघरच्या जुन्या पेट्यांत आजी-पणजीचे परिचर्येचे प्रमाणपत्र किंवा रुग्णालयातील कामाची वही आढळल्यास ती रद्दीत जाऊ देऊ नये. परिचारकाचे गुण पोथ्यांनी राखले. तो गुण हातात कसा उतरला, याचा पुरावा या वह्यांतच सापडेल.